चीनकडची हवाई वाट

टॉम सेलेकचं नाव निघालं की ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ची आठवण निघतेच. इंडियाना जोन्सच्या भूमिकेसाठी त्याची निवड झाली होती. पण ‘मॅग्नम पी. आय.’ या मालिकेच्या करारात तो अडकला आणि भूमिका हॅरिसन फोर्डकडे गेली. १९८३ साली सेलेकचा ‘हाय रोड टू चायना’ आला, तेव्हा ‘रेडर्स’ची नक्कल म्हणून अनेकांनी तो मोडीत काढला. हा त्या चित्रपटावर अन्याय आहे. ऑस्ट्रेलियन लेखक जॉन क्लिअरी यांची मूळ कादंबरी ‘रेडर्स’च्या चार वर्षं आधी, १९७७ सालीच प्रसिद्ध झाली होती.

कथा १९२०च्या दशकातली. इस्तंबूलमध्ये ऐषारामात राहणाऱ्या ईव्ह टोझरचे वडील बेपत्ता आहेत. ते बारा दिवसांत सापडले नाहीत, तर कायद्याने मृत ठरतील आणि सारी मालमत्ता त्यांच्या भागीदाराच्या घशात जाईल. ईव्ह मग महायुद्ध गाजवलेल्या, पण आता दारूच्या आहारी गेलेल्या ओमॅली या वैमानिकाला (सेलेक) गाठते. वडिलांच्या शोधात वझिरीस्तानवरून, हिमालय ओलांडून थेट चीन!

असं उड्डाण तेव्हा शक्य तरी होतं का? होतं. १९२०च्या फेब्रुवारीत इटलीचा आर्तुरो फेरारिन रोमहून लहानशा दुपंखी विमानातून निघाला आणि कराची, दिल्ली, कलकत्ता, चीन असे टप्पे घेत मेअखेरीस टोकियोला उतरला. तो ज्या मोहिमेत निघाला होता, तिच्यातली बहुतेक विमानं वाटेतच बाद झाली होती.

चित्रपटातली स्टाम्प विमानं बेल्जियन बनावटीची, १९३०च्या दशकातली. काळाचा मेळ तिथे चुकतो. पण ती खरीखुरी उडतात, आणि तेच महत्त्वाचं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पंखांमधल्या तारा, उघड्या कॉकपिटमध्ये तोंडावर आदळणारा वारा. चित्रीकरण झालं त्या तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या डोंगरांमध्ये ही विमानं वळतात, तेव्हा प्रेक्षकाचाही श्वास अडकतो. जॉन बॅरी यांचं संगीत त्या दृश्यांना मोठं करतं.

बेस आर्मस्ट्राँगची ईव्ह नुसती प्रवासी नाही. दोनपैकी एक विमान ती स्वतः चालवते. आकाशात दोघं दोन विमानांत, इंजिनांच्या घरघरीत एकमेकांना ऐकूही न येणारी. म्हणून त्यांची सगळी भांडणं, रुसवेफुगवे आणि जवळीक जमिनीवरच्या मुक्कामांत घडते. ओमॅलीला तिची हिंमत आधी पटते. प्रेमात तो पडतो ते नंतर.