घरच्या विजेसाठी लहान पवनचक्की



पुण्याहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता मुळेवरील हॅरिस पूल ओलांडून दापोडीत शिरतो. जवळच मुळा आणि पवना या नद्यांचा संगम आहे. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर, राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा, पुणे-लोणावळा लोहमार्ग, २०२३ पासून मेट्रोचे स्थानक आणि या सर्वांच्या मध्ये दाटीवाटीने वाढलेली वस्ती, असे दापोडीचे आजचे स्वरूप आहे. अशा वस्तीत स्वतःचे दोन मजली घर बांधलेल्या एखाद्या कामगार कुटुंबाला विजेचे बिल पाहून एक विचार सुचणे अगदी स्वाभाविक आहे. गच्ची मोकळी आहे, आषाढात वारा एवढा सुटतो की वाळत घातलेले कपडे टिकत नाहीत; मग गच्चीवर लहानशी पवनचक्की बसवून घरापुरती वीज का निर्माण करू नये? विक्रेत्याचे पत्रक हातात असते. त्यावर ‘५०० वॉट’ असा ठळक आकडा असतो. पंखा, दिवे, दूरचित्रवाणी संच यांची बेरीज कशीबशी तेवढीच होते आणि हिशेब जुळल्यासारखा वाटतो.

हा हिशेब चुकतो कोठे, हे समजून घेणे हाच पवनचक्कीच्या निवडीचा खरा आरंभ होय.

पत्रकावरील ५०० वॉट हा आकडा खोटा नसतो. तो अपुरा असतो. त्या यंत्रातून तेवढी शक्ती मिळण्यासाठी वारा किती वेगाने वाहिला पाहिजे, हे त्याच पत्रकात बारीक अक्षरात दिलेले असते. बहुधा तो वेग सेकंदाला १० ते १२ मीटर, म्हणजे ताशी ३६ ते ४३ किलोमीटर असतो. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर शक्ती निम्मी राहत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. शिवाय असलेली सर्व शक्ती कोणतेही यंत्र काढून घेऊ शकत नाही. पात्यांना शक्ती देऊन वारा पुढे निघून गेला पाहिजे, तो तेथेच थांबून चालत नाही. त्यामुळे जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्तीच मिळविता येते, असे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये गणिताने दाखविले. लहान घरगुती यंत्रांत पाती, जनित्र, तारा आणि बॅटरी यांतील नुकसान धरता चौथा हिस्सा हाती लागला तरी काम बरे झाले असे समजावे.

दोन मीटर व्यासाच्या पात्यांचे एक यंत्र घेऊ. त्याचे वर्तुळ सुमारे ३.१४ चौरस मीटर भरते. पुण्याच्या उंचीवर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलो धरले, तर सेकंदाला १० मीटर वाऱ्यात हे यंत्र ४३० वॉटच्या आसपास वीज देईल. वारा ६ मीटरवर आला की ९३ वॉट. वारा ३ मीटरवर आला की अवघे १२ वॉट, म्हणजे एलईडीचा एक दिवा. आणि याच वेगाच्या आसपास पुष्कळशी यंत्रे फिरू की न फिरू अशा अवस्थेत असतात. ५०० वॉटच्या यंत्राची ही तीन रूपे एकाच यंत्राची आहेत, हे खरेदीपूर्वी कुटुंबातील प्रत्येकाने पाहून घ्यावे.

नुसत्या सरासरीवरही विसंबून चालत नाही. एका गावी वारा सतत ३ मीटरने वाहतो. दुसऱ्या गावी तो निम्मा वेळ ६ मीटरने वाहतो आणि निम्मा वेळ पूर्ण पडलेला असतो. दोन्ही गावांची सरासरी एकच, परंतु दुसऱ्या गावी वाऱ्यातील शक्ती पहिल्याच्या चौपट भरते. प्रत्यक्षात वारा नेहमीच कमीअधिक होत असल्याने ३ मीटर सरासरीच्या ठिकाणी वर सांगितलेल्या यंत्रापासून महिन्याला ९ ऐवजी १६ युनिटपर्यंत वीज मिळू शकेल. सरासरी ५ मीटर असेल तर हाच आकडा ७० युनिटांच्या पुढे जातो. महिन्याला १०० युनिट वीज लागणाऱ्या घराच्या दृष्टीने ९, १६ आणि ७० यांत केवढे अंतर आहे, हे वेगळे सांगावयास नको. यंत्र मात्र तेच, किंमतही तीच. म्हणून यंत्र निवडण्यापूर्वी जागा निवडावी लागते, आणि जागा निवडता येत नसेल तर ती निदान मोजावी लागते.

दापोडीची जागा या कसोटीवर कशी उतरते? पुण्याच्या वाऱ्याचा स्वभाव पुणेकरांना ठाऊक आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत पश्चिमेकडील मोसमी वारा जोरात असतो. उन्हाळ्यात सायंकाळी पश्चिमेची झुळूक येते. दिवाळीनंतर मात्र वारा मंदावतो. मार्गशीर्ष-पौषातील कित्येक रात्री तर पानही हलत नाही. बॅटरी भरण्यासाठी वाऱ्याची वाट पाहणाऱ्या घराला हे तीन-चार महिने फार जड जातात.

त्यात भर पडते ती वस्तीची. इमारतीला आपटून वारा विस्कळीत होतो, भोवरे निर्माण होतात. इमारतीच्या उंचीच्या दुपटीपर्यंत वरच्या बाजूस, आणि पाठीमागे उंचीच्या वीसपट अंतरापर्यंत हा गोंधळ जाणवतो. अशा हवेत पाती सतत दिशा बदलत राहतात, वीज कमी मिळते आणि बेअरिंग लवकर झिजतात. यावर जाणकारांचा सर्वमान्य नियम असा, की १५० मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा पाती किमान ९ मीटर वर असावीत. दापोडीत शेजारी तीन मजली घर असेल तर जमिनीपासून १९-२० मीटर उंचीचा मनोरा लागेल. सात-आठ मजली इमारत असेल तर ३० मीटरहून अधिक. गच्चीवर तीन मीटरचा लोखंडी खांब रोवून हा नियम पाळला जात नाही. उलट यंत्राची थरथर खांबातून स्लॅबमध्ये उतरते आणि रात्री ती घुरघुर घरातल्यांनाच ऐकावी लागते. पत्र्याच्या छतावर तर यंत्र बसविण्याचा विचारही करू नये.

संगमाकाठची मोकळी जागा एखाद्याच्या मनात येईल. तेथे पश्चिमेचा वारा बराचसा मोकळा मिळतो, हे खरे. परंतु ज्या आषाढ-श्रावणात तो वारा मिळतो, त्याच दिवसांत पवना आणि मुळशी धरणांतून विसर्ग वाढला की नदीकाठ पाण्याखाली जातो. पूररेषेच्या आत मनोऱ्याचा पाया आणि बॅटऱ्यांची खोली बांधणे म्हणजे नदीला आमंत्रण देणे होय. लष्करी हद्द जवळ आहे, लोहगावचा हवाई दलाचा विमानतळही फार दूर नाही. त्यामुळे उंच मनोऱ्याच्या परवानगीची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

या सर्वांवरून दापोडीतील सर्वसाधारण घरमालकाला जो सल्ला द्यावा लागतो तो काहीसा निराशाजनक वाटेल : एवढ्या पैशांत सौर पटले घ्यावीत. पुण्याच्या उन्हात एक किलोवॉटची सौर यंत्रणा दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देते. तिला सुमारे दहा चौरस मीटर गच्ची पुरते, आणि तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉटना एकूण ७८,००० रुपये असे अनुदान ठरविण्यात आले. लहान पवनचक्क्या आणि पवन-सौर संकरित संच यांना केंद्र शासनाचे साहाय्य पूर्वी मिळत असे. महाऊर्जेमार्फत राज्यातील अनेक संस्थांनी त्याचा लाभ घेतला. परंतु तो कार्यक्रम पुढे चालू राहिला नाही. पत्रकात जुन्या अनुदानाचा उल्लेख आढळल्यास खातरजमा करून घ्यावी. महाऊर्जेचे मुख्य कार्यालय औंध मार्गावर, दापोडीपासून नदीच्या पलीकडेच आहे.

मग लहान पवनचक्कीला महाराष्ट्रात स्थानच नाही काय? तसे मुळीच नाही. देवगडच्या किनारी पठारावर १९८० च्या दशकातच पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साताऱ्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे पठारे आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल या ठिकाणी आज मोठी यंत्रे रांगांनी उभी आहेत. उद्योजकांनी तेथे भांडवल गुंतविले ते वारा वर्षानुवर्षे मोजून. याच सह्याद्रीच्या माथ्यावर आणि किनारी कड्यांवर विखुरलेल्या वाड्या आहेत. तेथे पावसाळ्यात वीजवाहिन्या तुटतात, ढगांमुळे सौर पटले मंदावतात आणि नेमका त्याच वेळी वारा जोरात असतो. अशा ठिकाणी सौर पटलांच्या जोडीला एक लहान पवनचक्की असेल, तर आरोग्य उपकेंद्रातील लस ठेवण्याचे शीतपेटीयंत्र आषाढातही चालू राहील. सूर्य आणि वारा यांची ही वाटणी महाराष्ट्राच्या हवामानाने आपल्याला आयती दिलेली आहे. तिचा उपयोग दापोडीच्या गल्लीत होत नाही, डोंगरावरच्या शाळेत होतो.

मात्र तेथेही मोजल्याविना काही करू नये. चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे पवन नकाशे उपयुक्त आहेत, परंतु त्यांतील आकडे ५०, १०० मीटर अशा मोठ्या उंचीचे असतात. घरगुती मनोऱ्यावर ते जसेच्या तसे लागू करू नयेत. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या जवळच्या वेधशाळेतील मासिक आकडे पाहावेत. आणि शाळेला एक काम करता येण्यासारखे आहे. पानांची सळसळ ऐकू येते व चेहऱ्यावर वारा जाणवतो तेव्हा वेग सेकंदाला दोन-तीन मीटर असतो. हलका ध्वज पूर्ण फडकू लागला म्हणजे साडेतीन ते साडेपाच मीटर. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या म्हणजे साडेपाच ते आठ मीटर. फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये आखलेल्या मोजपट्टीचेच हे जमिनीवरील रूप आहे. विद्यार्थ्यांनी दिवसातून तीन वेळा, वर्षभर, अशी नोंद वहीत ठेवली तर गावाला स्वतःच्या वाऱ्याची ओळख होईल. ती वही हाती असलेल्या सरपंचाला विक्रेत्याशी बरोबरीने बोलता येते. पुढे खर्च मोठा असेल तर वेगमापक यंत्र मनोऱ्याच्या उंचीवर वर्षभर लावावे.

जागा योग्य ठरल्यावर यंत्राची निवड त्या मानाने सोपी आहे. वॉटचा आकडा विचारण्याआधी पात्यांचा व्यास विचारावा, कारण वारा पकडते ते वर्तुळ, जनित्र नव्हे. व्यास दीडपट झाला की क्षेत्र सव्वादोन पट होते. उभ्या आसाची यंत्रे कोणत्याही दिशेचा वारा घेतात म्हणून शहरासाठी खास असल्याचे सांगितले जाते. परंतु तीही वर्तुळाच्या हिशेबातून सुटत नाहीत, आणि सहसा आडव्या आसाच्या यंत्रापेक्षा कमी वीज देतात. वादळात यंत्र स्वतःला कसे सावरते, हा प्रश्न जरूर विचारावा. शेपटीच्या साहाय्याने पाती वाऱ्यापासून बाजूला वळतात काय? बॅटरी भरल्यावर जादा वीज जिरविण्यासाठी वेगळा भार जोडलेला आहे काय? भार सुटलेली पवनचक्की जोराच्या वाऱ्यात बेफाम फिरते आणि पाती तुटून दूर फेकली जातात. शाळेच्या मैदानालगत हा धोका कदापि पत्करू नये. मनोऱ्याला तडिताघातापासून संरक्षणासाठी योग्य भूसंपर्क असावा.

मनोरा बिजागरीवर आडवा घेता येणारा असावा, हे विशेष आग्रहाने सांगावयास हवे. ग्रीस भरणे, बोल्ट आवळणे, पात्यांची कड तपासणे ही कामे वर्षातून दोनदा करावी लागतात. त्यासाठी वीस मीटर चढून जाणारा माणूस गावात नसतो, आणि शहरातून येणारा तंत्रज्ञ एका बोल्टसाठी येत नाही. परिणामी यंत्र थांबते. सार्वजनिक इमारतींवर थांबलेली पवनचक्की दिसते तेव्हा वाऱ्याला दोष दिला जातो. पुष्कळदा कारण एवढेच असते, की तिला खाली उतरविण्याची सोय केलेली नव्हती. मनोरा आडवा घेता आला तर आयटीआय झालेला गावातील तरुण दोन मदतनिसांसह अर्ध्या दिवसात हे काम उरकू शकतो.

ग्रामपंचायतीने निविदा काढताना म्हणूनच तीन अटी घालाव्यात. पहिली, देकार ‘वॉट’मध्ये न घेता गावच्या मोजलेल्या वाऱ्यात वर्षाला किती युनिट वीज मिळेल या आकड्यात घ्यावा. दुसरी, त्या युनिटांची नोंद करणारा वेगळा मीटर यंत्रासोबत बसवून द्यावा आणि त्याचे वाचन दरमहा दप्तरात लिहिले जावे. तिसरी, पाच वर्षांची देखभाल किमतीतच धरावी, बॅटऱ्या बदलण्याचा खर्च वेगळा दाखवावा, आणि अखेरचा हप्ता पहिला पावसाळा यंत्राने निभावल्यानंतर द्यावा.