फ्रेंचमधील ‘हा’ आणि ‘कोणता’



शिवछत्रपतींच्या 1677 च्या कर्नाटक स्वारीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास मोडी दफ्तरांबरोबर पाँडिचेरीच्या फ्रान्स्वा मार्तँच्या आठवणीही चाळाव्या लागतात, आणि मराठीच्या घडणीवरचा ज्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ तर मुळात फ्रेंचच आहे. तेव्हा कृष्णाकाठच्या विद्यार्थ्याने ही भाषा का शिकावी, याची कैफियत लांबवण्याचे प्रयोजन नाही. माझी तकरार ती शिकवण्याच्या रीतीविषयी आहे. आपल्याकडे फ्रेंच व्याकरण बहुधा इंग्रजीच्या देवडीवरून आत येते. आणि ज्या इंग्रजीत एक ‘धिस’ मनुष्य, नदी व दगड या सर्वांना सारखाच लागतो, तिच्या साहाय्याने आमच्या मुलाला लिंगानुसार विशेषण बदलते हे एखादे नवल असल्यासारखे सांगितले जाते. वाळवा किंवा माण तालुक्यातील जे पोर ‘ह्यो बैल’, ‘ही म्हस’ आणि ‘ह्ये वासरू’ असा बिनचूक भेद शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच करते आणि पाहुण्यास ‘कंच्या गावचं?’ असे विचारते, त्याला हा धडा नव्याने द्यावा, हा उलटा कारभार होय.

फ्रेंचमध्ये पुल्लिंगी नामापूर्वी ‘स’, स्त्रीलिंगीपूर्वी ‘सेत’ आणि अनेकवचनात दोहोंसाठी ‘से’ अशी दर्शक विशेषणे येतात. परंतु पुल्लिंगी नाम स्वराने आरंभत असेल तर ‘स’चेही ‘सेत’ होते, जसे झाडाला ‘सेत आर्ब्र’. संस्कृत शिकलेल्यांना यात ओळखीची खूण दिसावी, कारण तेथेही ‘सः’ व ‘एषः’ यांचा विसर्ग व्यंजनापूर्वी गळतो आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र रचले आहे. लिहिला जाणारा परंतु न उच्चारला जाणारा ‘ह’ मात्र येथे मोठी गंमत करतो: मनुष्य म्हणजे ‘ओम’ याच्यापूर्वी ‘सेत’ येते, पण वीर म्हणजे ‘एरो’ याच्यापूर्वी ‘स’च राहते, आणि अनेकवचनात कोणी ‘से’ व ‘एरो’ यांचा संयोग केलाच, तर ‘हे वीर’ ऐवजी ‘ही शून्ये’ असा अर्थ कानी पडून वीरांची बेअदबी होते.

जवळ व दूर यांसाठी आपण ‘हा’ आणि ‘तो’ असे दोन शब्द योजतो. फ्रेंच माणूस एकच विशेषण ठेवून जरूर पडल्यास नामाच्या शेवटी ‘सी’ किंवा ‘ला’ जोडतो. प्रश्नार्थक ‘केल’ची चार रूपे लेखनात भिन्न असून उच्चारात बहुशः एकच आहेत, म्हणून कान त्यात उपयोगी पडत नाही, लेखणीच सावध ठेवावी लागते. ‘तुमचे गाव कोणते?’ या वाक्यात ‘कोणते’ नामापासून दूर पडूनही त्याचे लिंग पाळते, तसेच ‘केल’ क्रियापदापलीकडच्या नामाशी इमान राखते. ही गोष्ट मराठी मुलास एका दाखल्याने पटते.

खरी मेहनत पुढेच आहे, आणि ती लपवू नये. फ्रेंचला नपुंसकलिंग नाही. सबब आमचे घर तेथे स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी आणि झाडही पुल्लिंगी ठरते, आणि आमचा चंद्र तर स्त्री होऊन बसतो. यात मराठीचा आधार घेणे घातक. शिवाय स्वरारंभी नामापूर्वी दोन्ही लिंगांत ‘सेत’ सारखेच ऐकू येत असल्याने त्यावरून लिंग उमगत नाही. म्हणून प्रत्येक नाम ‘अँ’ किंवा ‘युन’ या उपपदासह पाठ करावे, असे माझे सांगणे आहे.

1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघेपर्यंत ज्यांचा पुष्कळसा मुलूख एकाच जिल्ह्यात होता, त्या सातारा-सांगलीच्या फ्रेंच अध्यापकांना माझी विनंती आहे की, त्यांनी एकत्र बसून मराठीतून, मराठी व्याकरणाच्या परिभाषेत, एक प्रवेशपुस्तक सिद्ध करावे, आणि त्याचा पहिला धडा ‘हा, ही, हे’ यापासून सुरू करावा.