रिन्युअल कमिशन ही आपल्या श्रमाची बाकी आहे
(चेन्नई येथे विमा एजंटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अण्णा सलाईवरील एलआयसीची चौदा मजली इमारत आपण रोज पाहतो. तिचे काम युनायटेड इंडिया या खासगी विमा कंपनीने सुरू केले. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विमा सरकारकडे आला आणि १९५९ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले ते महामंडळाच्या नावाने. मालक बदलला, पण पॉलिसीधारकाचा करार तुटला नाही. मग एजंटाचाच करार इतका कच्चा का?

साधा हिशेब करू. वीस वर्षांची पॉलिसी, वर्षाला १०,००० रुपये हप्ता. आपल्याला पाठ असलेला जुना दर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे ५. बोनस कमिशन बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी मिळतात २,५०० रुपये आणि उरलेल्या १९ वर्षांत १०,०००. म्हणजे मोबदल्याचे पाचांतले चार हिस्से कंपनीकडे येणे राहतात. एजन्सी रद्द झाली की वाद पेटतो तो या चार हिश्शांवर. व्यवस्थापन त्याला सवलत म्हणते. आपण त्याला बाकी म्हणतो.

१९३८ च्या विमा कायद्यातील कलम ४४ आपल्या बाजूचे होते. पाच वर्षे सलग एकाच कंपनीचे काम आणि ठरावीक रकमेचा विमा चालू, किंवा दहा वर्षे सलग काम आणि नंतर दुसऱ्या कंपनीसाठी धंदा न करणे, अशा अटी पुऱ्या केल्या, की फसवणुकीचा प्रकार वगळता, केवळ एजन्सी संपली म्हणून रिन्युअल कमिशन थांबवता येत नसे. करारात काहीही लिहिलेले असो! २०१५ च्या दुरुस्तीने हे कलम काढून टाकले. आता आधार उरला तो करार आणि कंपनीचे नियम यांचाच. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एलआयसीने पहिल्या वर्षाचे कमिशन घटवून पुढील वर्षांचे वाढवले, तेव्हा पुढच्या वर्षांवरचा आपला भार आणखी वाढला.

"कोर्टात जा," असे सांगतात. एजंटाला कामगार मानत नाहीत, म्हणून कामगार न्यायालयाचे दार बंद. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २०६ वाजवी नोटीस मागते, पण त्यासाठी दिवाणी दावा हवा. तो कुठे लावायचा? करारात मुंबईचे न्यायालय लिहिले असेल, तर चेन्नईच्या एजंटाने मुंबई गाठायची का? १९८९ साली सालेमच्या एका व्यापारी पेढीला सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. करारात गुजरातच्या खेड्याचे, म्हणजे खेडा जिल्ह्याचे अधिकारक्षेत्र लिहिले होते, पण "फक्त" हा शब्द नव्हता, म्हणून सालेमलाही दावा चालला. २०१३ साली मात्र त्याच न्यायालयाने सांगितले, की "फक्त" नसला तरी करारातील ठिकाणच बंधनकारक ठरू शकते. म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचा.

आपल्या मागण्या तीन. कलम ४४ चे संरक्षण कायद्यात परत आणा. कारण लेखी दिल्याशिवाय आणि बाजू ऐकल्याशिवाय एजन्सी रद्द करू नका. वाद एजंटाच्या गावीच चालवा. सप्टेंबर २०२३ मध्ये एलआयसी एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख झाली. नियम बदलता येतात हे त्यावरून दिसते.

तोवर नेमणूकपत्र, कमिशनची पत्रके आणि प्रत्येक नोटीस जपून ठेवा. एकट्याचा कागद फाईलमध्ये पडून राहतो. सगळ्यांचे कागद एकत्र आले की ती मागणी होते. एकजूट जिंदाबाद!