तुरुंगांतून परतलेला कारागीर
(कारागिरांच्या सभेंत झालेलें भाषण)



आम्ही धंद्यानें सुतार. बांधावरच्या मारामारीच्या खटल्यांत २ वर्षें कच्च्या कैदेंत होतों. पुढें कोर्टानें निर्दोष सोडलें. २०२२ सालच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें हिंदुस्थानच्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकीं सुमारें तीन असेच, निकालाची वाट पाहणारे होते. तेव्हां हें एकट्या आमच्या घरचें गाऱ्हाणें नव्हे.

घरीं आलों तों वाकस, पटाशी, रंधा, सगळ्यांवर गंज चढलेला. गिऱ्हाइकें दुसरीकडे लागलेलीं. कारभारणीनें हत्यारें घासून धार लावून पुढें ठेविलीं, पण तीं उचलावींशीं वाटेनात. पहाटे ३ वाजतां डोळा उघडे तो पुन्हां लागत नसे. भाकरीला चव नाहीं. दारावरून कोणी बोलत गेला कीं आपल्याविषयींच बोलतो असें वाटे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहावें. गांव म्हणूं लागलें, ‘फुकटचें खाऊन आळशी झाला.’ म्हातारीनें देवऋषी आणला. दोन कोंबड्या गेल्या. देवऋषाचें मात्र चांगलें झालें!

बंधूंनो, हा आळस नव्हे आणि बाहेरची बाधाहि नव्हे. डॉक्टर ह्याला नैराश्याचा आजार म्हणतात, आणि त्याला उपचार आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी. गोळ्यांचा गुण दिसायला कांहीं आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाहीं म्हणून, किंवा जरा बरें वाटलें म्हणून, डॉक्टरला न विचारतां त्या सोडूं नयेत. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेला १४४१६ हा टेलिफोन रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें. आणि मायबहिणींनो, घरचा माणूस मरणाच्या गोष्टी बोलूं लागला तर ‘उगाच बोलतो’ म्हणूं नका. त्याला एकटा सोडूं नका, फवारणीचें औषध कुलुपांत ठेवा, आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठा.

आतां कामाविषयीं. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची खुली वसाहत काढली. बायकापोरें जवळ, कसायला जमीन, उंच भिंत नाहीं. त्यावरूनच पुढें शांतारामबापूंचा १९५७ सालचा ‘दो आंखें बारह हाथ’ हा बोलपट निघाला. शिक्षा भोगणाऱ्या माणसावर संस्थान जमीन सोंपवूं शकलें, आणि सुटून आलेल्याला आपण खुरपें शेवटायला देत नाहीं!

आमच्याकडे पहिला आला तो शेजारचा शेतकरी. कुऱ्हाड टाकून म्हणाला, ‘दांडा बसवा, परवां लागेल.’ तुरुंगाचें एक अक्षर काढलें नाहीं. अर्ध्या तासाच्या कामाला आम्हांस दोन दिवस लागले. त्यानें दांडा हलवून पाहिला, सैल होता म्हणून परत केला, नीट करवून घेतला आणि पुरते पैसे दिले. तो परत केलेला दांडा आम्हांस हारापेक्षां मोठा वाटला. कींव करून वांकडा दांडा कोणी पत्करला असता तर आम्ही पुन्हां भिंतीकडेच वळलों असतों. पुढच्या आठवड्यांत त्यानें बैलगाडीचें जूं आणलें.

गोळ्या अजून चालू आहेत. कांहीं दिवस वाईट जातात. त्या दिवशीं नुसता रंधा घासतों, पण दुकान उघडतों.

औषधाला तालुक्याला जातांना हल्लीं दोघे सोबत असतात, दोघेहि तुरुंगांतून आलेले. एक शिंपी, एक गवंडी. शिंप्याचें यंत्र घरखर्चापायीं विकलें गेलें आहे. गवंड्याला ओळंबा आहे, पण काम नाहीं. दोघे मागच्या रांगेंत बसले आहेत. ज्यांच्या घरीं भिंत पडली असेल, किंवा जुनें शिलाईचें यंत्र धूळ खात पडलें असेल, त्यांनीं सभा संपल्यावर त्यांना भेटावें, आणि भाव आधींच ठरवावा.