जखमेला पत्ता नसतो

(वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण. नवी पेठ, सोलापूर)



 वर्षभराच्या कामाचा तपशील, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली याच अहवालात पुढे दिलेली आहे. ती आपण सवडीने पाहालच. आज मात्र आकड्यांकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधण्याची परवानगी आम्ही मागतो. बंदुकीच्या गोळीने माणूस जखमी होतो तेव्हा समाजाला वाटणारी कळकळ त्याच्या जखमेवर ठरते, की तो कोठला आहे आणि कोठे पडला यावर ठरते, हा तो प्रश्न.

आपल्यापैकी बहुतेकांनी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईहून सोलापूरचा प्रवास केलेला आहे. रात्रीच्या गाडीची वाट पाहत, सामानाला टेकून, जमिनीवर चादर अंथरून बसलेल्या माणसांचे ते स्थानकातील दालन आपल्या परिचयाचे आहे. मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत तपासणीसाठी गेलेले आपले कितीतरी रुग्ण हातात कागदांची पिशवी घेऊन तेथूनच परततात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या याच दालनात दोन हल्लेखोर शिरले आणि त्यांनी बसलेल्या, झोपलेल्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, हातबाँब फेकले. पन्नासहून अधिक माणसे तेथे मृत्युमुखी पडली व शंभरावर जखमी झाली. मुंबईवरील त्या हल्ल्यात एकूण 166 जणांचे प्राण गेले. त्यांपैकी सर्वाधिक बळी कोणत्याही हॉटेलात गेलेले नसून या रेल्वे स्थानकात गेले आहेत.

तरीही, डोळे मिटून ते दिवस आठवावयास सांगितले, तर आपणा सर्वांच्या मनासमोर ताजमहाल हॉटेलच्या घुमटावरचा धूर येतो. आमच्याही मनासमोर तोच येतो. हे असे का व्हावे?

याचे एक कारण अगदी सरळ आहे. स्थानकातील गोळीबार तासा-सव्वा तासात संपला. हॉटेलांतील झुंज 29 नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चालली. कॅमेरे जेथे उभे राहू शकले तेथे ते उभे राहिले. त्या थेट प्रक्षेपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालपत्रात दूरचित्रवाणी वाहिन्यांना कठोर शब्दांत दोष दिला, तो सुरक्षेच्या कारणासाठी. परंतु वेळेचे हे कारण पुरते नाही. झुंज संपल्यानंतरही, 3 डिसेंबर 2008 रोजी हजारो नागरिक मेणबत्त्या घेऊन जमले, ते गेटवे ऑफ इंडियापाशी, ताजच्या समोर. स्थानकातील फरशी धुतली गेली होती आणि दुसऱ्याच दिवशी लोकल गाड्या धावू लागल्या होत्या. त्याला आपण मुंबईची जिद्द म्हटले. ज्याला रोजच्या मजुरीसाठी गाडी पकडावीच लागते, त्याच्या नाइलाजालाही आपण किती सहज जिद्द म्हणतो, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. डिसेंबर 2008 मध्येच ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्टची स्थापना झाली, आणि या न्यासाने हॉटेलातील पीडितांपुरते न थांबता स्थानकावरील व रस्त्यावरील पीडित कुटुंबांनाही साह्य केले. ज्यांचे स्वतःचे घर जळत होते त्यांना शेजारच्या झोपडीची आठवण राहिली. दानधर्माच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा सर्वांसाठी हा मोठा धडा आहे.

त्या रात्रीची दुसरी आठवण आमच्या व्यवसायाच्या जवळची आहे. स्थानकातून बाहेर पडलेले हल्लेखोर शेजारच्या कामा रुग्णालयात शिरले. स्त्रिया व बालकांसाठी असलेले हे सरकारी रुग्णालय. तेथे येणाऱ्या बहुतेक बायका गरीब घरच्या. रुग्णालयाचे दोन पहारेकरी गोळ्यांना बळी पडले. प्रसूती कक्षात रात्रपाळीवर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी जड दरवाजे बंद केले, वीस गरोदर स्त्रियांना आतल्या लहानशा खोलीत हलविले, आणि त्यांपैकी एकीला कळा सुरू झाल्यावर तिला भिंतीच्या आधाराने जिन्यावरून प्रसूतिगृहात नेले. त्या वीसांपैकी कोणाचा नवरा काय करतो, कोण कोणत्या वस्तीतून आली, हे विचारावयास त्यांना वेळ नव्हता, आणि वेळ असता तरी त्यांनी ते विचारले नसते. 2022 च्या डिसेंबरात त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपले अनुभव मांडले. चौदा वर्षांनी का होईना, त्या वीस अनाम स्त्रियांची हकिकत जगाने ऐकली.

गोळीची जखम त्या रात्रीपुरती नसते, हेही आम्ही वैद्यकीय संस्था म्हणून सांगितले पाहिजे. पुण्याची गाडी पकडण्यासाठी वडील व भावासोबत त्याच स्थानकात आलेल्या एका लहान मुलीच्या पायात गोळी शिरली. तिच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, कुबड्या घेऊन तिने न्यायालयात साक्ष दिली, पुढे तिला क्षयरोगाने गाठले, आणि मदतीसाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. गोळी काढण्यास काही तास लागतात. हाड सांधण्यास महिने जातात. घर सावरण्यास मात्र वर्षेही पुरत नाहीत, आणि तोवर लोकांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांनी हेच चित्र तेथेही पाहिले असेल. उपनगरातील एखाद्या शाळेत गोळीबार झाला की सारा देश हळहळतो. शिकागोच्या दक्षिण व पश्चिम भागांतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत वर्षानुवर्षे तरुण मुले गोळीला बळी पडतात, त्यांची नोंद बहुधा बेरजेतच होते.

मुंबई दूर आणि अमेरिका त्याहून दूर, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या सोलापूरला बंदुकीची आठवण जुनी आहे. गांधीजींच्या अटकेनंतर 8 मे 1930 रोजी या शहरात जमावावर गोळीबार झाला आणि 12 मेपासून मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांपुढे आपण आदराने मान लववितो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या मे महिन्यात रस्त्यावर गोळी लागून पडलेल्यांपैकी शंकर शिवदारे यांच्यापलीकडे किती नावे आपल्या ओठांवर आहेत? घरोघरी त्यांच्यासाठी कोणी तरी रडले असेलच.

आता आमच्या स्वतःच्या दारातील गोष्ट. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन जखमी आमच्याकडे आले. एक चांगल्या वसाहतीतील गृहस्थ. परवान्याचे पिस्तूल साफ करताना गोळी सुटून त्यांच्या मांडीत शिरली होती. दुसरा पूर्व भागातील यंत्रमागावरचा तरुण; भांडण सोडवावयास गेला आणि गावठी कट्ट्याची गोळी त्याच्या खांद्याला लागली. दोघांवर शस्त्रक्रिया करणारे हात एकच होते, औषधेही तीच होती. पहिल्या रुग्णासाठी आमचा दूरध्वनी तीन दिवस सारखा खणखणत होता. दुसऱ्यासाठी एकही चौकशी आली नाही. आला तो जबाब घेणारा हवालदार, आणि जिन्याखाली विड्या वळत बसून राहिलेली त्याची आई. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही, की स्वागतकक्षातील आमच्याच माणसाने त्या माउलीला प्रथम राहण्याचा पत्ता विचारला आणि मग अनामत रक्कम सांगितली. डॉक्टरांच्या कानी ही गोष्ट गेली म्हणून प्रसंग निभावला. ही चूक आमची होती, ती आम्ही या व्यासपीठावरून मान्य करतो.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. आधी उपचार आणि मग पोलिसांचे कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 मध्येच सांगितले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या आहेत, आणि देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. परंतु कळकळ ही कायद्याच्या कलमात बसत नाही. ती स्वागतकक्षातील पहिल्या वाक्यात दिसावी लागते.

म्हणून त्या घटनेनंतर आम्ही दोन साधे नियम केले. तातडीच्या रुग्णाच्या कागदावर पत्त्याचा रकाना उपचार सुरू झाल्यावरच भरला जातो. आणि घरी गेलेल्या जखमी रुग्णाकडे, त्याला भेटावयास कोणी आलेले असो वा नसो, आमचे समाजसेवक तीन महिन्यांत किमान दोन वेळा जाऊन येतात. कामावर परत गेला का, जखम भरली का, मुलांची शाळा सुटली तर नाही ना, एवढेच ते विचारतात. त्या तरुणाच्या आईने दुसऱ्या भेटीत आमच्या समाजसेवकाला चहा पाजल्यावाचून उठू दिले नाही.

देणगीदार बंधू-भगिनींना आमची एकच विनंती आहे. मोठी दुर्घटना घडली की आपला हात आपोआप खिशाकडे जातो, ही आपली थोरवी आहे. परंतु ज्या दुर्घटनेची बातमी होत नाही, तिच्यासाठीही काही बाजूला ठेवावे. आपली देणगी कोणत्या खाटेवर, कोणत्या वस्तीतील माणसासाठी खर्च झाली, हे आपल्याला कधी कळणार नाही, अशा निधीला आपण थोडेसे द्यावे. त्याचा चोख हिशोब देण्याची जबाबदारी आमची.

आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगावयाचे ते एवढेच, की आपल्या माणसासाठी बाहेरून एकही दूरध्वनी आला नाही, तरी चौकशी करणारे कोणी तरी या वास्तूत आहे, असे आपल्याला वाटावे. तसे वाटले नाही, तर आमच्या कोणत्याही विश्वस्ताला थांबवून विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.