आमच्या वर्गाचा कौल



१९६७ साली अकरावीची शालान्त परीक्षा देऊन या शाळेतून बाहेर पडलेल्या वर्गाचा मी विद्यार्थी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी परीक्षा तोंडावर आली होती.

मताचा अधिकार आम्हांला नव्हता. तरीही बाकांवर खडूने ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ उमटत. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. निकालानंतर एकाच बाकावरील दोघा मित्रांनी अबोला धरला. भांडले होते ते कोकणीतून, तेही मराठीसाठी! ज्यांच्या स्मृत्यर्थ आज आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी कोणालाच बोल लावला नाही. मराठीच्या तासाला दोघांत एकच पुस्तक दिले; एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. चार दिवसांत अबोला सुटला.

पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली. मराठीचा वापर शासकीय कामकाजासाठी मान्य झाला. वाद मात्र शमला नाही. मराठीचा आग्रह मी आजही धरतो. परंतु ज्या शाळेने आम्हांला मराठीत लिहावयास शिकविले, तिने घरातली कोकणी कधी उणी लेखली नाही. आमच्या वर्गाने येथून नेलेली खरी शिदोरी ती हीच. गुरुजींच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.