घर घेताना : दस्तलेखक की वकील?



घर किंवा जमीन विकत घेणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार होय. भविष्यनिर्वाह निधी, गृहिणीचे दागिने व कर्ज मिळून जी रक्कम उभी राहते, ती एका सहीनिशी दुसऱ्याच्या हाती जाते. अशा वेळी दस्तलेखकाकडे जावे की वकिलाकडे, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो.

दस्तलेखक हा उपयुक्त मनुष्य आहे. आपण सांगितलेला मजकूर तो ठरलेल्या नमुन्यात बिनचूक बसवितो. परंतु विकणारास विकण्याचा अधिकार आहे काय, हे शोधणे त्याचे काम नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत नोंदले गेले, म्हणजे मालकी निर्दोष ठरली, असेही नाही. अक्षर सुंदर असले म्हणून उत्तर बरोबर असतेच असे नाही, हे आम्ही शिक्षकांनी आपणांस काय सांगावे?

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकीचा अंतिम निर्णय त्यावरून होत नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींसही मुलांइतकाच हक्क दिला आहे. बहिणींना वगळून भावांनीच घर विकले, तर उद्या कोर्टाची पायरी खरेदीदारासच चढावी लागते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास विक्रीस सामान्यतः सरकारी परवानगी लागते. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

या गोष्टी तपासणे हे वकिलाचे काम. निबंधक कार्यालयातील मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी व लेखी अभिप्राय घ्यावा. आणि हे सर्व इसार देण्यापूर्वी व्हावे. वकील आपला स्वतःचा असावा. विकणाराचा वकील त्याचे हित पाहतो, बँकेचा वकील बँकेचे. मालकी निर्वेध ठरल्यावर लेखनाचे काम दस्तलेखकाकडे खुशाल द्यावे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. विकणारा आपल्याच ज्ञातीतला, कदाचित सोयराही असतो. म्हणून कागद मागण्यास आपण संकोचतो. आमच्या मते कागद मागणे हा अविश्वास नव्हे. उलट, न पाहिलेल्या कागदांपायीच पुढे सोयरिकी तुटतात. व्यवहार चोख असला तरच स्नेह टिकतो.